बॅरिस्टर स्टेला थॉमस

पश्चिम आफ्रिकेतील पहिल्या स्त्री-बॅरिस्टर स्टेला जेन थॉमस यांचा जन्म १९०६ साली नायजेरियातील लागोस शहरी झाला. त्यांचे वडील मूळच्या सिएरा लिओनी घराण्यातील मोठे व्यापारी होते. शालेय शिक्षण फ्रीटाऊन येथे झाल्यावर स्टेलाबाई कायद्याच्या अभ्यासासाठी विलायतेस गेल्या आणि १९३३ साली मिडल टेंपलमधून बॅरिस्टर झाल्या.

लंडनमध्ये केवळ पुस्तकांत डोके खुपसून त्या बसल्या नाहीत. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थांत त्यांनी काम केले. ऊना मार्सन या जमेकन लेखिकेच्या नाटकात भूमिकाही केली. या गोष्टीचे आम्हांस विशेष कौतुक वाटते. १९३४ साली मार्जरी पेरहॅम या विदुषींनी आफ्रिकेतील ब्रिटिश राज्यपद्धतीवर एक चर्चा घडवून आणली. तेथील राजे व सरदार हाताशी धरून राज्य चालवावयाचे, हे लॉर्ड लुगार्ड यांचे धोरण. आपल्या देशाचा कारभार परकीयांनी ठरवावा आणि आपण मुकाट्याने ऐकावे, हे स्टेलाबाईंना कसे मानवावे? त्या चर्चेत भाग घेणाऱ्या त्या एकट्याच आफ्रिकन स्त्री. त्यांनी लुगार्ड यांच्या धोरणावर स्पष्ट शब्दांत टीका केली.

मायदेशी परतून १९३५ साली त्यांनी लागोसमध्ये वकिली सुरू केली. कौटुंबिक तंट्यांपासून फौजदारी खटल्यांपर्यंत सर्व कामे त्या चालवीत. पुढे १९४३ साली त्याच ब्रिटिश सरकारला त्यांची मॅजिस्ट्रेट म्हणून नेमणूक करावी लागली. नायजेरियात त्या पदावर बसणारी ही पहिली स्त्री. १९६० साली स्वतंत्र झालेला आपला देश त्यांनी पाहिला. १९७४ साली त्या निवर्तल्या.