डॉक्टर भाऊ दाजी

आंधळगावसारख्या गावी डॉक्टर हा शब्द एकटा सहसा येत नाही. त्याच्याआधी ‘आमचे’ हे सर्वनाम लागतेच. आजीचा दमा किती वर्षांचा, धाकट्यास कोणते औषध सोसत नाही, थोरलीच्या बाळंतपणी काय अडचण आली होती, हे सारे त्या एका गृहस्थास तोंडपाठ असते. आमच्या गावी हातमाग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. दिवसभर मागावर वाकून बसणाऱ्याची पाठ का दुखते, हे अशा डॉक्टरास विचारावे लागत नाही. तो त्या घराच्या ओटीवर कितीदा तरी बसून गेलेला असतो. मोठ्या शहरच्या इस्पितळातील निष्णात पंडित एकेका अवयवाचा जाणता असतो. घरचा डॉक्टर माणसाचा जाणता असतो, आणि कोणत्या दुखण्यासाठी कोणत्या पंडिताकडे जावे हेही तोच सांगतो.

वैद्य, हकीम आणि सुईण ही मंडळी आपल्या देशात पुरातन काळापासून आहेत. परंतु नव्या शास्त्रात तयार झालेला, तरीही आपल्याच भाषेत बोलणारा व आपल्या माजघरापर्यंत येऊ शकणारा डॉक्टर महाराष्ट्रास केव्हा मिळाला, याचा शोध घेऊ गेल्यास आपण सन १८५१ च्या मुंबईत येऊन पोहोचतो. त्या पहिल्या पिढीतील एका थोर पुरुषाचे चरित्र येथे थोडक्यात देण्याचा विचार आहे.

रामचंद्र विठ्ठल लाड हे त्यांचे खरे नाव. घरी त्यांस भाऊ म्हणत व वडिलांस दाजी म्हणत. त्यावरून भाऊ दाजी हेच नाव जगाच्या तोंडी बसले. जन्म १८२२ च्या सुमारास गोव्यातील मांद्रे या गावी झाला. घरची स्थिती गरिबीची. वडील मुलांना घेऊन मुंबईस आले आणि मातीच्या बाहुल्या करून विकू लागले. या कुळात पुढे मुंबईचा शेरीफ निपजेल असे त्या वेळी कोणास वाटले असते? मुलगा बुद्धिबळात विलक्षण निघाला. त्याचे ते कौशल्य गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांच्या कानी गेले व त्यांनी मुलास इंग्रजी शिक्षण देण्याविषयी वडिलांस उत्तेजन दिले. एल्फिन्स्टन विद्यालयात भाऊंनी विद्याभ्यास केला, आणि पुढे तेथेच ते अध्यापनही करू लागले. कच्छ व काठेवाड या प्रांतांत मुली जन्मताच मारण्याची जी अघोर चाल होती, तिजवर त्यांनी लिहिलेल्या निबंधास ६०० रुपयांचे बक्षीस मिळाले. तो निबंध १८४७ साली छापून निघाला.

इतक्यात मुंबईस एक नवीच संस्था उभी राहिली होती. गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या मनात वैद्यकीय विद्यालय काढावयाचे होते, परंतु ते १८३८ सालीच वारले. त्यांच्या नावाचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले, व त्यास लागूनच सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून इस्पितळ झाले. मृतदेहास हात लावणे हे त्या काळी केवढे साहस होते, हे आज विज्ञानाच्या वर्गात बेडूक पाहून नाक मुरडणाऱ्या आमच्या विद्यार्थिबंधूंस कसे समजावे! भाऊ अध्यापनाची स्थिर वृत्ती सोडून पुन्हा बाकावर जाऊन बसले. १८५१ साली पहिली तुकडी उत्तीर्ण झाली. तीत अवघे आठ जण होते. भाऊ दाजींखेरीज आत्माराम पांडुरंग हेही त्यांतलेच. ते पुढे प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष झाले.

पदवीधर होताच सरकारी चाकरीचा मार्ग खुला असता भाऊंनी स्वतंत्र व्यवसाय पत्करला. ही गोष्ट वाटते तितकी लहान नव्हे. पाच लाखांवर वस्तीच्या त्या शहरात सरकारी इस्पितळाचे नाव काढताच लोक बिचकत. तेथे जाणे म्हणजे जात बाटणे, किंवा परत न येणे, अशी पुष्कळांची समजूत होती. जे आपण होऊन येत नाहीत त्यांच्याकडे कोणीतरी जावयास हवे होते, आणि तेही त्यांच्या ओळखीचे. भाऊ दाजी गेले. धनिकांच्या वाड्यांतून त्यांस बोलावणी येत, व गरिबांस ते पैसा न घेता औषध देत. त्यांचे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर होते. उभयतांनी मिळून मुंबईत धर्मार्थ दवाखाना चालविला. शिवाय भाऊंनी संस्कृत ग्रंथ चाळून जुन्या वैद्यांनी वाखाणलेल्या वनस्पतींची परीक्षा आरंभिली. जुने म्हणून टाकावयाचे नाही आणि जुने म्हणून गिळावयाचेही नाही, असा त्यांचा बाणा होता.

आता त्यांच्या आयुष्यातील एका अवघड प्रसंगाकडे वळू. घरचा डॉक्टर म्हटला की घरची गुपिते आलीच. करसनदास मुळजी या गुजराती सुधारकाने ‘सत्यप्रकाश’ पत्रात १८६० साली वल्लभ संप्रदायातील काही महाराजांच्या वर्तनावर कडक लेख लिहिला. जदुनाथजी महाराजांनी त्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद ठोकून पन्नास हजार रुपयांची मागणी केली. १८६२ च्या जानेवारीत मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खटला उभा राहिला. कित्येक दिवस सारे शहर त्याचीच चर्चा करीत होते. या महाराज मंडळींत डॉक्टर म्हणून भाऊंची ये-जा होती, म्हणून प्रतिवादीकडून त्यांस साक्षीस बोलावण्यात आले. वादीच्या ज्या दुखण्याचे नाव सभ्य मंडळीत घेत नाहीत, त्याविषयी वैद्य या नात्याने त्यांस जे ठाऊक झाले होते, ते त्यांनी शपथेवर सांगितले. २२ एप्रिल १८६२ रोजी निकाल लागला. मुख्य मुद्द्यावर करसनदास जिंकले.

येथे विचारी वाचकाच्या मनात प्रश्न उभा राहील. रोग्याने विश्वासाने उघडे केलेले गुपित वैद्याने चारचौघांत सांगावे काय? वैद्याने रोग्याचे रहस्य राखावे हा नियम ग्रीक काळापासून चालत आला आहे. उलट इंग्रजी कायद्याने वैद्यास कोर्टात मौन पाळण्याचा हक्क दिलेला नव्हता. शपथ घेतल्यावर विचारलेले सांगणे भाग होते. आणि समोर एक निर्भय लेखक सत्य लिहिल्याबद्दल बुडण्याच्या बेतात होता. प्रस्तुत लेखकास भाऊंचे वर्तन योग्य वाटते. तथापि ते सोपे होते असे मात्र वाटत नाही. ज्या उंबरठ्यातून आदराने आत घेतले गेले, त्याच घराविरुद्ध उभे राहणे हे कोणत्याही कुलवैद्यास सुखाचे नसते.

त्यांच्या इतर उद्योगांचा केवळ उल्लेख करून पुढे जाणे प्राप्त आहे, कारण त्यांवर स्वतंत्र ग्रंथच लिहावा लागेल. मुलींच्या शाळांस त्यांनी हात दिला. १८५२ साली निघालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते. शिलालेख, ताम्रपट व नाणी जमवून त्यांनी प्राचीन इतिहासावर विद्वन्मान्य लेख लिहिले; कालिदासाच्या काळाविषयीची त्यांची चर्चा प्रसिद्धच आहे. १८६९ व १८७१ साली ते मुंबईचे शेरीफ झाले. एक ठेच मात्र जबर बसली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला आणि मुंबईत शेअरांचे वेड माजले. त्यात भाऊही सापडले, आणि १८६५ साली तो फुगा फुटला तेव्हा त्यांची मिळकत गेली. इतरांची नाडी अचूक ओळखणारास बाजाराची नाडी ओळखता आली नाही! तरी व्यवसाय व विद्या यांपैकी काहीच त्यांनी सोडले नाही.

अखेरच्या काळात त्यांचे लक्ष महारोगाकडे लागले होते. आमच्या भंडारा जिल्ह्यास या रोगाची ओळख करून द्यावयास नको. विदर्भाच्या या पूर्व भागात तो फार काळ ठाण मांडून बसलेला आहे. रोग्यास घराबाहेर, गावाबाहेर काढीत. आणि घरच्यांनीच टाकलेल्यास घरचा डॉक्टर तरी कोठून असणार? कोकणात व घाटात कडू कवठ नावाचे झाड होते. त्याच्या बियांच्या तेलाने भाऊंनी अशा रोग्यांवर उपचार चालविले, व पुष्कळांस आराम पडल्याची वार्ता दूरवर गेली. परंतु उपचाराचा नेमका विधी ते उघड करीत ना. पुरते प्रयोग झाल्यावाचून तो प्रसिद्ध करू नये असे त्यांचे मत होते, आणि याबद्दल त्यांजवर टीकाही झाली. दुसऱ्याचे गुपित कोर्टात सांगावे लागलेल्या या पुरुषाने स्वतःचे गुपित मात्र मिटल्या मुठीत ठेवले, हे कोडेच म्हणावयाचे. अपुऱ्या पुराव्यावर भाबड्या रोग्यांस आशा लावू नये, ही त्यातील सचोटी मान्य करूनही, दुसऱ्या डॉक्टरांस ते सांगितले असते तर परीक्षा लवकर झाली असती, असे वाटल्यावाचून राहत नाही.

वेळ मात्र थांबली नाही. भाऊंस अर्धांगवायूने गाठले, आणि ३१ मे १८७४ रोजी त्यांचा अंत झाला. वय पन्नाशीच्या किंचित पुढे. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७३ साली, नॉर्वेतील डॉक्टर हॅन्सन यांस महारोगाचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते. कडू कवठ व त्याच जातीच्या चौलमुग्रा झाडाचे तेल पुढे कित्येक दशके जगभर याच रोगावर वापरले गेले. १९४० नंतरच्या दशकात डॅप्सोन आले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली, तेव्हापासून हा रोग पूर्ण बरा होऊ लागला. आता या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. अंगावरचा बधिर चट्टा लपवून न ठेवता वेळेवर दाखविला तर हातापायांस व्यंगही येत नाही. आणि तो चट्टा प्रथम दिसतो तो बहुधा घरच्या डॉक्टरासच.

तुमसर रोडहून गाडीत बसून मुंबईस जाणाऱ्या आमच्या वाचकांनी भायखळ्यास राणीच्या बागेशेजारचे जुने संग्रहालय अवश्य पाहावे. ते उभारण्याच्या खटपटीत भाऊंचा मोठा वाटा होता. १८७२ साली ते लोकांस खुले झाले तेव्हा त्यास व्हिक्टोरिया राणी व तिचे पती आल्बर्ट यांचे नाव होते. १९७५ साली ते बदलून बाहुल्या विकणाऱ्या दाजींच्या या मुलाचे नाव देण्यात आले. आत मुंबईच्या नाना धंद्यांतील लोकांच्या मातीच्या लहान लहान मूर्ती मांडून ठेवलेल्या आहेत.