चंपावतच्या वाघिणीचे सुळे

जिम कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते. जिम लहान असतानाच ते निवर्तले. मुलाने तरुणपणीच रेल्वेची नोकरी धरली आणि पुढे मोकामा घाटावर मालाच्या चढ-उताराचे कंत्राट वर्षानुवर्षे सांभाळले. शिकार हा त्यांचा पोटाचा धंदा नव्हता.

१९०७ मध्ये त्यांना चंपावतच्या वाघिणीच्या मागावर पाठवण्यात आले. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ बळी तिच्या नावावर होते. जाहीर झालेले इनाम रद्द करावे आणि इतर शिकाऱ्यांना परत बोलवावे, या दोन अटी घालूनच ते निघाले. वाघीण पडल्यावर त्यांनी तिचा जबडा पाहिला. उजवीकडचा वरचा सुळा अर्धा तुटलेला, खालचा तर हाडापर्यंत गेलेला. कुणाच्या तरी जुन्या गोळीने तिची नैसर्गिक शिकार हिरावून घेतली होती.

केदार-बद्रीच्या वाटेवर १२५ माणसे मारणारा रुद्रप्रयागचा बिबट्या त्यांनी १९२६ मध्ये टिपला. त्याला नरमांसाची चटक १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत, दहनाविना दरीत टाकलेल्या प्रेतांमुळे लागली असावी, असा त्यांचा तर्क होता. नरभक्षकाच्या मागचे कारण शोधल्यावाचून त्यांना चैन पडत नसे.

उतारवयात त्यांच्या हाती बंदुकीपेक्षा कॅमेराच अधिक असे. १९४७ मध्ये बहीण मॅगीसह ते केनियाला गेले आणि १९५५ मध्ये न्येरी येथे वारले. कालाढुंगीजवळच्या छोटी हल्दवानी गावाभोवती, पिकांत रानजनावरे शिरू नयेत म्हणून त्यांनी दगडी भिंत बांधली होती.