लॉर्ड किनेअर्ड यांचे चरित्र व खेळातील न्याय

पावसाळ्याच्या अखेरीस आंतरशालेय फुटबॉलचे सामने संपले, म्हणजे दोन-चार दिवस आमच्या शाळेत दुसरा विषय निघत नाही. यंदा आमच्या मुलांनी एका म्युनिसिपल शाळेच्या संघावर मोठा विजय मिळविला व ढाल वाजतगाजत शाळेत आणली. गोष्ट आनंदाची खरीच. परंतु परत येताना हरलेल्या संघातील मुलांची एक तक्रार आमच्या कानी आली. तुम्हांस सरावास स्वतःचे पटांगण आहे, पायांत बूट आहेत, शिकविण्यास मास्तर आहेत. आम्ही रस्त्याच्या कडेस खेळतो. मग हा सामना बरोबरीचा कसा, असे त्यांचे म्हणणे होते. आमच्या मुलांनी ते हसण्यावारी नेले. आम्हांस मात्र तसे करवेना. ह्याच प्रश्नाशी ज्यांचे आयुष्य निगडित झाले, अशा एका थोर खेळाडूचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सादर करावे, असे त्याच वेळी आमच्या मनाने घेतले.

आर्थर फिट्झजेराल्ड किनेअर्ड यांचा जन्म लंडन शहरी १६ फेब्रुवारी १८४७ रोजी झाला. घराणे मूळचे स्कॉटलंडातील व उमरावांचे. वडील पेढीच्या धंद्यात असून पार्लमेंटचे सभासद होते. मातोश्री मेरी जेन ह्या धर्मशील व परोपकारी होत्या. वाय. डब्ल्यू. सी. ए. ह्या नावाने आपल्याकडेही परिचित असलेल्या स्त्रियांच्या संस्थेच्या संस्थापिकांत त्यांची गणना होते, आणि लाहोर येथील किनेअर्ड कॉलेज त्यांच्याच नावाने चालते. अशा घरात वाढलेल्या मुलास कशाचीही वाण नव्हती. त्यांचे शिक्षण प्रथम ईटन येथे व नंतर केंब्रिज विद्यापीठातील ट्रिनिटी कॉलेजात झाले.

येथे ईटनविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. ईटनसारख्या शाळांस इंग्लंडात पब्लिक स्कूल म्हणतात. परंतु नावावरून कोणी फसू नये. त्या सरकारी अगर सर्वांस मोकळ्या शाळा नसून भारी फी घेणाऱ्या खाजगी शाळा होत. गंमत अशी की, सहावा हेन्री राजा याने १४४० साली ईटनची स्थापना केली, ती सत्तर गरीब विद्यार्थ्यांस विनामूल्य विद्या मिळावी म्हणून! पुढे काळ पालटला. गरिबांसाठी काढलेली शाळा श्रीमंतांची झाली व तिची विस्तीर्ण क्रीडांगणे उमरावांच्या मुलांनी गजबजून गेली.

त्या काळी फुटबॉलचा खेळ एक नव्हता. ईटनचे नियम निराळे, हॅरोचे निराळे, रग्बीचे त्याहून निराळे. कोणी चेंडू हाती घेई, कोणी केवळ पायाने खेळे. दोन शाळांचे माजी विद्यार्थी एकत्र आले की खेळापेक्षा वादच अधिक होत. म्हणून १८६३ साली लंडन येथे फुटबॉल असोसिएशन ही संस्था स्थापन होऊन एक नियमावली ठरली. किनेअर्ड १८६८ साली, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षी, ह्या संस्थेच्या कार्यकारी मंडळावर आले. तेव्हापासून मरेपर्यंत हा संबंध सुटला नाही.

खेळाडू म्हणून त्यांची कीर्ती मोठी होती. तांबूस भरघोस दाढी, लांब पांढरी विजार व डोक्यास टोपी, अशा वेशात ते मैदानावर उतरले की प्रेक्षकांची दृष्टी त्यांच्यावर खिळे. त्यांचा खेळ धसमुसळा खरा, पण मनात डूख नसे. १८७३ साली ते स्कॉटलंडतर्फे इंग्लंडविरुद्ध खेळले. असोसिएशनच्या चषकासाठी १८७१-७२ च्या हंगामापासून सामने सुरू झाले होते. त्यांपैकी नऊ अंतिम सामन्यांत किनेअर्ड खेळले व पाच वेळा विजयी झाले. वाँडरर्स संघातून तीनदा व ईटनच्या माजी विद्यार्थ्यांच्या ओल्ड इटोनियन्स ह्या संघातून दोनदा त्यांनी हा मान मिळविला.

आरंभीची दहा वर्षे हा चषक बहुतेक अशाच सुखवस्तू मंडळींकडे राही. नियम सर्वांस एक, मैदान एक, पंच एक. मग ह्यात अन्याय तो काय, असे कोणासही वाटावे. त्या समजुतीस पहिला धक्का १८७९ साली बसला. लँकेशायर परगण्यात डार्वेन नावाचे कापडगिरण्यांचे गाव आहे. तेथील मजुरांचा संघ चषकाच्या सामन्यांत पुढे येत येत ओल्ड इटोनियन्ससमोर उभा राहिला. सामना लंडन येथील ओव्हल मैदानावर. इटोनियन्सचे पाच गोल झाले व डार्वेनचा अवघा एक. परंतु शेवटच्या पाव तासात ह्या गिरणीकामगारांनी चार गोल करून बरोबरी साधली! जादा वेळ खेळून तेथेच निकाल लावावा, अशी डार्वेनच्या मंडळींची इच्छा. इटोनियन्सनी ते नाकारले.

नियमाप्रमाणे त्यात गैर काहीच नव्हते. मात्र त्या नकाराचा भार कोणावर पडला, हे पाहण्यासारखे आहे. पुढील सामनाही लंडनलाच व्हावयाचा होता. इटोनियन खेळाडूस ओव्हल म्हणजे घरचे अंगण. डार्वेनच्या विणकऱ्यास मात्र सुमारे दोनशे मैलांचा प्रवास, आगगाडीचे भाडे व बुडालेली मजुरी. गावाने वर्गणी जमवून आपला संघ दुसऱ्यांदा पाठविला. पुन्हा बरोबरी झाली. तिसऱ्यांदा पाठविला, तेव्हा थकलेला डार्वेनचा संघ सहा गोलांविरुद्ध दोन असा हरला. त्या वर्षी चषक ओल्ड इटोनियन्सनी जिंकला व किनेअर्ड त्या विजयी संघात होते. नियम दोघांसही एकच होता. पण एकास तो पिसासारखा हलका व दुसऱ्यास धोंड्यासारखा जड झाला.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर आमचे सांगणे एकतर्फी होईल. डार्वेनच्या संघात फर्गस सूटर व जेम्स लव्ह हे दोन खेळाडू स्कॉटलंडहून आलेले होते. सूटर धंद्याने पाथरवट. इंग्लंडात आल्यावर त्याने ते काम सोडले, तेव्हा त्यास खेळासाठी गुपचूप पैसे मिळतात, असा बोभाटा झाला. पुढच्याच वर्षी तो शेजारच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स संघात गेला. आपल्याच गावच्या पोरांवर भिस्त ठेवणाऱ्या लहान संघांनी विचारावे की, ज्याच्या थैलीत पैसा अधिक तो बाहेरून गडी आणील, तर आमच्या मेहनतीचे काय? हा प्रश्नही न्यायाचाच होता. म्हणजे एकीकडे जन्माने मिळालेली सुबत्ता व दुसरीकडे पैशाने आणलेले बळ, अशा दोन्ही गोष्टींनी सामन्याचा तोल बिघडत होता.

१८८२ साली अंतिम सामन्यात ह्याच ब्लॅकबर्न रोव्हर्सला ओल्ड इटोनियन्सनी एका गोलाने हरविले. पस्तीस वर्षांचे किनेअर्ड त्या आनंदात प्रेक्षकांसमोर डोक्यावर उभे राहिले, असे सांगतात! पुढच्या वर्षी, ३१ मार्च १८८३ रोजी, ते पुन्हा ओव्हलवर उतरले. ह्या खेपेस समोर ब्लॅकबर्न शहराचाच दुसरा संघ, ब्लॅकबर्न ऑलिंपिक, होता. त्यात विणकर होते, सूत कातणारा होता, नळकाम करणारा होता, ओतकामाच्या कारखान्यातील कामगार होते. एका कारखानदाराने पैसे पुरविले होते व सामन्यापूर्वी संघास समुद्रकाठी ब्लॅकपूल येथे नेऊन शिस्तीने सराव करविला होता. आज ह्यात नवल वाटत नाही. त्या काळी मात्र ही रीत अनेकांस खटकली. पण ज्यांना वर्षाचे बारा महिने फुरसत, त्यांनी दुसऱ्यांच्या काही दिवसांच्या सरावास नावे ठेवावी, हे आम्हांस तरी विचित्र वाटते.

पहिला गोल इटोनियन्सचा झाला. ऑलिंपिकने फेड केली. इतक्यात इटोनियन्सचा आर्थर डन हा चपळ खेळाडू जायबंदी होऊन मैदान सोडून गेला. बदली खेळाडू घेण्याची तेव्हा चाल नव्हती. इटोनियन्स दहाच राहिले. वेळ संपली तेव्हा एक-एक अशी बरोबरी होती. चार वर्षांपूर्वी ज्या संघाने जादा खेळ नाकारला होता, त्याचेच दहा गडी ह्या वेळी अर्धा तास अधिक खेळले. त्या अर्ध्या तासात सूतगिरणीतील कामगार जेम्स कॉस्टली याने निर्णायक गोल केला व चषक प्रथमच गिरणीगावास गेला. ह्यानंतर कोणत्याही पब्लिक स्कूलच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला नाही. किनेअर्ड यांचाही हा शेवटचा अंतिम सामना ठरला.

आमच्या मते त्यांच्या चरित्राचा खरा मोठेपणा येथून पुढे दिसतो. आपल्या वर्गाचा खेळ दुसऱ्यांच्या हाती गेला, म्हणून रुसून घरी बसणे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. १८८४ साली प्रेस्टन येथील संघास, खेळाडूंना पैसे दिल्याच्या कारणाने, चषकाच्या सामन्यांतून काढून टाकण्यात आले. त्यावरून उत्तरेकडील संघ वेगळी संस्था काढण्याच्या गोष्टी बोलू लागले. अखेर २० जुलै १८८५ रोजी असोसिएशनने पैसे घेऊन खेळण्यास परवानगी दिली. किनेअर्ड त्या वेळी संस्थेचे खजिनदार होते. परवानगीबरोबर एक अटही घातली: पैसे घेणारा खेळाडू चषकाच्या सामन्यात खेळावयाचा, तर तो मैदानापासून सहा मैलांच्या आत जन्मलेला अगर मागील दोन वर्षे तेथे राहिलेला असला पाहिजे. ही अट पुढे उठली, तरी तिच्यातील विचार पाहण्यासारखा आहे. मजुराची मजुरी बुडू नये आणि श्रीमंत संघाने परगावचे गडी गोळा करून दुसऱ्यास चिरडूही नये, अशी दोन्ही बाजूंची काळजी तीत दिसते.

१८८७ साली पित्याच्या निधनानंतर ते लॉर्ड किनेअर्ड झाले व १८९० साली असोसिएशनचे अध्यक्ष. १९०७ साली जुन्या शाळांच्या अनेक संघांनी असोसिएशनशी फारकत घेऊन हौशी खेळाडूंची वेगळी संस्था स्थापिली. ती मंडळी किनेअर्ड यांच्याच वर्गातील. तरी ते मजुरांच्या व धंदेवाईक खेळाडूंच्या संघांना सामावून घेणाऱ्या मूळ संस्थेचेच अध्यक्ष राहिले. १९११ साली अध्यक्षपदाची एकवीस वर्षे पूर्ण झाल्याबद्दल संस्थेने त्यांस जुना चषकच भेट दिला. 

मैदानाबाहेरही त्यांची वृत्ती हीच होती. तारुण्यात ईटनचे सोबती क्विंटिन हॉग यांजबरोबर त्यांनी लंडनच्या रस्त्यावरील अनाथ व फाटक्या मुलांसाठी शाळा चालविण्यास हातभार लावला. वाय. एम. सी. ए. च्या कार्यातही ते पुढारी होते. वृद्धपणी त्यांच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला. पहिल्या महायुद्धात त्यांचे दोन पुत्र कामास आले. १९२३ च्या जानेवारीत पत्नीचे निधन झाले व थोड्याच दिवसांत, ३० जानेवारीस, त्यांनीही देह ठेवला. त्यानंतर तीनच महिन्यांनी वेंब्ली येथील नव्या क्रीडांगणावर पहिला अंतिम सामना झाला. एक संघ रविवारच्या धर्मशाळेतील मुलांनी सुरू केलेला बोल्टनचा, दुसरा जहाजांच्या कारखान्यातील कामगारांतून उदयास आलेला वेस्ट हॅमचा. प्रेक्षक लाखाहून अधिक. तो देखावा पाहण्यास ते असावयास हवे होते!

किनेअर्ड गेले, पण प्रश्न उरला. अमेरिकेत सरकारी व खाजगी हायस्कुलांच्या संघांनी एकाच चषकासाठी खेळावे की निराळ्या, ह्याबद्दल आजही वाद चालतो. काही राज्यांत खाजगी शाळांची विद्यार्थिसंख्या ठराविक प्रमाणात वाढवून धरतात व त्यांस मोठ्या शाळांच्या गटात घालतात. असे उपाय उपयोगी असतील. परंतु सर्व न्याय नियमांच्या पुस्तकात मावत नाही, असे आम्हांस वाटते. ज्यास अधिक मिळाले आहे, त्याने ते आधी ओळखले पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही मिळविलेली ढाल कोणी परत मागत नाही. तुम्ही मेहनत केली, नियम पाळले. विजय तुमचाच आहे. पण त्या विजयात आपल्या पटांगणाचा, बुटांचा व मास्तरांचा वाटा किती, ह्याचा हिशेब मनाशी करा. आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी आपले पटांगण त्या म्युनिसिपल शाळेच्या मुलांस सरावासाठी खुले करावे, अशी विनंती आम्ही शाळेच्या चालकांस केली आहे. पालकांनीही तिला पाठिंबा द्यावा. कदाचित पुढील वर्षी ती मुले आपणांस हरवतील. तसे झाले, तर १८८३ सालच्या किनेअर्ड यांचे स्मरण करा, जिंकणाऱ्यांचे हात प्रेमाने हाती घ्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्यासमवेत खेळावयास या.