वरवरचे पाहणारा माणूस

सत्तरच्या दशकात आम्हा बँकेतल्या मंडळींचा टेरिलीनचा शर्ट हा जणू गणवेशच होता. इस्त्रीची कटकट नाही, धुतला की लगेच वाळला. पण वैशाखात घाम टिपेल तर शपथ! पॉलिएस्टरच्या धाग्याला पाण्याचे वावडे असते, हे ज्ञान मला काउंटरमागे बसून झाले. ते वावडे धाग्याच्या अंतरंगाला हात न लावता घालवता येते, हे पुष्कळ वर्षांनी वाचले. त्या वाचनातच अर्व्हिंग लँगम्यूर भेटला.

हा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ३१ जानेवारी १८८१ रोजी ब्रुकलिनला जन्मला. अकरा वर्षांचा होईपर्यंत त्याची नजर अधू आहे हे घरात कोणाच्या ध्यानीच आले नव्हते. चष्मा लागला आणि जगातले बारकावे एकदम समोर आले. पुढे कोलंबिया विद्यापीठ, जर्मनीत ग्योटिंगेनला डॉक्टरेट, मग तीन वर्षे मास्तरकी. १९०९च्या उन्हाळी सुटीत तो स्केनेक्टडीच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत गेला, तो निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९५०पर्यंत तिथेच राहिला.

तेव्हा विजेचे दिवे आतून काळे पडत. दिव्यातली हवा आणखी काढून टाका, असे बाकीचे म्हणत. लँगम्यूरने उलटे केले. मुद्दाम निरनिराळे वायू आत सोडून काय होते ते तो पाहत बसला. त्यातून कळले, की तापलेल्या तारेचे टंगस्टनच उडून काचेवर बसते. तार गुंडाळीसारखी केली, दिव्यात निष्क्रिय वायू भरला आणि प्रश्न सुटला. नफ्यातोट्याचा हिशेब न विचारता त्याला तसे बसू देणाऱ्या वरिष्ठांचे मला, जन्मभर बँकेत काढलेल्या माणसाला, फार कौतुक वाटते.

काचेच्या आतल्या त्या पृष्ठभागाने त्याला जे धरले ते धरलेच. एखाद्याला आपण ‘वरवरचे पाहतो’ म्हणून नावे ठेवतो. याने वरवरचेच पाहून १९३२चे नोबेल मिळवले. तेल पाण्यावर पसरते तेव्हा त्याचा थर एकाच रेणूच्या जाडीचा होऊ शकतो, आणि त्यातला प्रत्येक रेणू पाणी आवडणारे डोके पाण्यात आणि न आवडणारी शेपटी वर करून उभा असतो, हे त्याने दाखवले. पदार्थाचे वागणे पुष्कळदा त्या एका थरावर ठरते.

दुसरीकडे, विरळ वायूतून वीज गेली की तो उजळतो. त्यातल्या विद्युतभारित कणांच्या त्या अवस्थेला त्याने १९२८ साली ‘प्लाझ्मा’ हे नाव दिले. रक्तपेढीतला प्लाझ्मा वेगळा. पण रक्तपेशी वाहून नेणारा तो द्रवच त्याला आठवला होता, असे सांगतात.

उतारवयात त्याला पावसाचे वेड लागले. १९४७ साली एका चक्रीवादळात विमानातून कोरडा बर्फ टाकला गेला. वादळ वळून जॉर्जियावर आदळले. ते आपल्या बर्फामुळेच वळले असे तो धरून बसला. हवामानतज्ज्ञांना पटले नाही. शास्त्रज्ञ स्वतःची फसगत कशी करून घेतात यावर याच माणसाने १९५३ साली व्याख्यान दिले! १६ ऑगस्ट १९५७ रोजी वुड्स होल इथे तो गेला.

त्याचे पृष्ठभाग आणि त्याचा प्लाझ्मा कापडावर एकत्र आले ते त्याच्यामागे. पॉलिएस्टर ऑक्सिजनच्या प्लाझ्मातून नेले, की त्यातले कण धाग्याच्या वरच्या रेणूंचे बंध तोडतात आणि तिथे ऑक्सिजन असलेले, पाणी आवडणारे गट येऊन बसतात. काम मिलिमीटरच्या लाखाव्या भागाइतके खोल. बेताने केले तर धाग्याची ताकद कमी होत नाही. पाण्याचा थेंब गोळी होऊन न बसता पसरतो. रंग, डिंक नीट धरतात आणि पाण्याचे हौदही लागत नाहीत. आपल्या माटुंग्याच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेतही कापडावर असे प्रयोग झाले आहेत.

एक गोम मात्र आहे. कापड नुसते ठेवून दिले, तर हा गुण हळूहळू ओसरतो. वर आणलेले ते गट फिरून आत तोंड लपवतात. पृष्ठभागावरचे रेणू असे उलटतात, हे लँगम्यूरने १९३८ सालीच लिहून ठेवले होते.