यानेचेक यांची दुसरी मोटारसायकल

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तरुण झालेल्या पिढीला ‘जावा’ आणि ‘येझदी’ ही नावे नव्याने सांगावी लागत नाहीत. मरून रंगाची टाकी, दोन्ही बाजूंनी मागे गेलेले सायलेन्सर आणि किक व गिअर ही दोन्ही कामे करणारी एकच दांडी, एवढ्यावरून ती गाडी लांबून ओळखू येई. मात्र ज्या गृहस्थाच्या आडनावाची आद्याक्षरे या गाडीला मिळाली, ते फ्रान्तिशेक यानेचेक आपल्याकडे फारसे परिचित नाहीत. मायदेशात ते नामवंत होते. तेही आधी मोटारसायकलींसाठी नव्हे, तर शस्त्रांसाठी.

यानेचेक यांचा जन्म २३ जानेवारी १८७८ रोजी बोहेमियातील क्लाश्टर नाद द्येदिनोऊ या लहानशा गावी झाला. हा प्रदेश त्या वेळी ऑस्ट्रो-हंगेरियन साम्राज्यात होता. प्राग व बर्लिन येथे तंत्रशिक्षण घेऊन ते अभियंता झाले. पहिल्या महायुद्धाने त्यांच्या कल्पक बुद्धीला वेगळीच दिशा दिली. हातबॉम्ब व इतर शस्त्रांतील सुधारणांची पेटंटे त्यांच्या नावावर जमा झाली. १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाल्यावर नव्या सैन्याला शस्त्रे पुरवणारा कारखानदार म्हणून त्यांचे बस्तान बसले. साझावा नदीकाठच्या टिनेत्स येथे त्यांचा कारखाना उभा राहिला.

शांततेच्या काळात शस्त्रांच्या मागण्या आटतात. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस यानेचेक यांच्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला. यंत्रे होती, कुशल कामगार होते. काम मात्र कमी होऊ लागले होते. त्याच सुमारास जर्मनीतील वांडरर ही कंपनी मोटारसायकलींच्या व्यवसायातून अंग काढून घेत होती. तिच्या ५०० सीसी मोटारसायकलीचे हक्क यानेचेक यांनी १९२९ मध्ये घेतले. यानेचेक आणि वांडरर या दोन नावांच्या आरंभीच्या अक्षरांतून ‘जावा’ हे नाव तयार झाले. चेक भाषेत त्याचा उच्चार ‘यावा’ असा होतो. आपण इंग्रजी वळणाने ‘जावा’ म्हणू लागलो.

गाडी दिसायला राजेशाही होती. गडद लाल रंग, टाकीवर पिवळे पट्टे, पोलादी पत्र्याची भक्कम चौकट आणि साखळीऐवजी चाक फिरवणारा दांडा, ज्याला आज शाफ्ट ड्राइव्ह म्हणतात. पण ती जड होती, महाग होती आणि यांत्रिक तक्रारींपासून मुक्त नव्हती. त्यात १९२९ च्या अखेरीस जागतिक मंदी कोसळली. शस्त्रांचा धंदा सोडून ज्या वाहनाचा आधार घ्यायचा, तेच वाहन विकले जाईना. कारखाना आणि त्यावर पोसलेली कुटुंबे, सारेच पणाला लागले.

यानेचेक यांचे मोठेपण येथे दिसते. स्वतःच्या नावाची गाडी अपेशी ठरत असताना तिच्याच मोहात ते अडकून राहिले नाहीत. इंग्लंडचे शर्यतपटू व अभियंते जॉर्ज विल्यम पॅचेट यांना त्यांनी बोलावून घेतले. १९३२ मध्ये जावाची दुसरी मोटारसायकल आली. तिला इंग्लंडच्या व्हिलियर्स कंपनीचे १७५ सीसी टू-स्ट्रोक इंजिन होते आणि वजन सत्तर किलोंच्या आसपास. टू-स्ट्रोक इंजिनात झडपांची यंत्रणा नसते, सुटे भाग कमी असतात, त्यामुळे किंमत आटोक्यात राहते आणि साध्या कारागिरालाही दुरुस्ती जमते. ही गाडी हजारोंनी खपली आणि कारखाना तरला. पहिली गाडी यंत्राच्या प्रतिष्ठेपासून सुरू झाली होती, तर दुसरी चालवणाऱ्याच्या रस्त्यापासून आणि खिशापासून.

आज क्रूझर घ्यायला निघालेल्या ग्राहकापुढे जवळपास हीच निवड असते. क्रूझर म्हणजे बुटकी बैठक, लांब चाकअंतर, पुढे सरकवलेले पायटे आणि कमी वेगातही जोर देणारे इंजिन. या घराण्यात पोटभेद बरेच आहेत. अमेरिकेत मडगार्ड छाटून, अनावश्यक भाग काढून हलकी केलेली गाडी म्हणजे बॉबर. पुढचा फोर्क लांबवून हँडल उंचावलेली ती चॉपर. दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या असलेली ती बॅगर. पुण्याच्या बजाजने २००५ मध्ये आणलेली अ‍ॅव्हेंजर ही यांपैकी कशातच टोकाला न जाणारी, साधी क्रूझर.

बुटकी बैठक कमी उंचीच्या माणसाला सोयीची, कारण दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतात. लांब चाकअंतरामुळे सरळ महामार्गावर गाडी स्थिर राहते. मात्र सातपुडा चढून धडगावला जाणाऱ्या घाटात हेच गुण अडचणीचे ठरू शकतात. अरुंद वळणावर लांब गाडी वळवायला जागा जास्त लागते आणि गाडी कलली की खाली असलेले पायटे रस्त्याला घासतात. पाय पुढे असल्याने खड्डा आला तरी बैठकीवरून उठता येत नाही. सगळा धक्का पाठीच्या कण्याला बसतो. चॉपरचे सौंदर्य तर अशा रस्त्यावर शिक्षाच ठरावी. बॉबर त्यामानाने आटोपशीर, पण तिच्यावर बहुधा एकट्यानेच बसायचे. डोंगरातील बाजारगावात दुचाकीच्या मागे माणूस आणि पुढे पोते असते, तेथे ती काय कामाची?

शहरातील वाचकाचा घाट वेगळा असतो. सिग्नलवरची रखडपट्टी, इमारतीच्या तळघरातील चढण, मागे बसणारी पत्नी किंवा मुलगा. दुकानात गाडीवर बसून आरशात पाहण्यापेक्षा ती उतारावर उलटी ढकलून पाहावी, मागे कुणाला बसवून फेरी मारावी, अरुंद गल्लीत एका दमात वळवून पाहावी. वजन कागदावर कळत नाही, ते अशा वेळी कळते.

यानेचेक यांनी पुढे हाच मार्ग धरला. १९३४ पासून जावाने जर्मनीच्या डीकेडब्ल्यूच्या परवान्यावर मोटारी काढल्या, १९३७ मध्ये मायनर ही स्वतःची छोटी मोटार आणली, आणि त्याच वर्षी रोबोट नावाची १०० सीसीची अगदी हलकी दुचाकीही. १९३९ मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि कारखाना त्यांच्या ताब्यात गेला. ४ जून १९४१ रोजी यानेचेक यांचे निधन झाले. स्वतंत्र झालेला देश त्यांना पुन्हा पाहता आला नाही. त्यांच्याच नावाचा मुलगा ब्रिटनमध्ये गेला होता. तेथे त्याने तोफेची मारकशक्ती वाढवणारे एक साधन तयार केले. ते ‘लिटलजॉन’ म्हणून ओळखले गेले. यानेचेक या आडनावाचेच हे इंग्रजी रूप.

जर्मनांच्या नजरेआड कारखान्यातील अभियंते एका २५० सीसी गाडीवर काम करीत राहिले. १९४६ च्या पॅरिस प्रदर्शनात ती सुवर्णपदकाची मानकरी ठरली. तिला पेराक हे नाव मिळाले. व्याप्त प्रागमध्ये छपरांवरून उड्या मारणाऱ्या एका गूढ माणसाच्या दंतकथा प्रचलित होत्या, त्याचे ते नाव. कारखाना मात्र तोवर सरकारजमा झाला होता.

भारतात ही परंपरा मुंबईच्या रुस्तुम इराणी यांच्यामुळे आली. त्यांच्या पुढाकाराने म्हैसूरला आयडियल जावा कारखाना उभा राहिला. १९७३ पासून गाड्यांवर येझदी हे नाव आले. १९९६ मध्ये उत्पादन थांबले. २०१८ मध्ये महिंद्र समूहाच्या भागीदारीतील क्लासिक लिजंड्सने जावा पुन्हा आणली. धडगावच्या उत्तरेला नर्मदा ओलांडली की मध्य प्रदेशचा धार जिल्हा फार दूर नाही. तेथील पीथमपूरमध्ये या गाड्या तयार होऊ लागल्या. त्यांत पेराक नावाचीही एक होती, ३३४ सीसीची, एकट्याच्या बैठकीची बॉबर. १९४६ ची मूळ पेराक मात्र बॉबर नव्हती. ती रोजच्या कामाची साधी, हलकी गाडी होती.