स्क्वॅश कोर्टात जगातली पहिली अणुभट्टी चालवणारे एन्रिको फर्मी

तारापूर असो की कुडनकुलम, अणुवीज केंद्रांचं मूळ शोधत गेलं तर आपण पोहोचतो अमेरिकेतल्या शिकागोच्या एका स्क्वॅश कोर्टात. माणसानं बांधलेली पहिली अणुभट्टी तिथं चालली. ती चालवणाऱ्या टीमचे प्रमुख होते एन्रिको फर्मी, देश सोडून आलेले इटालियन शास्त्रज्ञ.

फर्मींचा जन्म १९०१ चा, रोममधला. ते १३ वर्षांचे असताना थोरला भाऊ ज्युलिओ घशाच्या साध्या ऑपरेशनच्या वेळी गेला. एकत्र वाढलेला सवंगडी गेल्यावर एन्रिकोनं स्वतःला फिजिक्सच्या पुस्तकांत बुडवून घेतलं. विशीत डॉक्टरेट आणि पंचविशीत रोम विद्यापीठात प्राध्यापकी.

१९३४ मध्ये त्यांच्या टीमला कळलं की, न्यूट्रॉनचा वेग कमी केला की ते अणूच्या केंद्रात जास्त सहज शिरतात. युरेनियमवरही त्यांनी न्यूट्रॉनचा मारा केला. नवीन मूलद्रव्य सापडलं असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात युरेनियमचं केंद्रक फुटलं होतं. हे जर्मनीत उलगडलं ते थेट डिसेंबर १९३८ मध्ये. तेच आधी कळलं असतं, तर हिटलर आणि मुसोलिनीच्या हाती काय लागलं असतं, याचा विचारच केलेला बरा.

त्याच महिन्यात फर्मींना नोबेल मिळालं. पण इटलीत ज्यूविरोधी कायदे आले होते आणि पत्नी लॉरा ज्यू कुटुंबातल्या होत्या. नोबेल घ्यायला हे कुटुंब स्टॉकहोमला गेलं ते परतलंच नाही. २ जानेवारी १९३९ ला ते न्यूयॉर्कला उतरले.

पुढं महायुद्ध पेटलं. शिकागो विद्यापीठाच्या स्टेडियमखालच्या कोर्टात ग्राफाइटच्या विटांचे ५७ थर रचले गेले, मध्ये युरेनियम. ग्राफाइट न्यूट्रॉनचा वेग कमी करणार आणि कॅडमियम जास्तीचे न्यूट्रॉन गिळणार. म्हणजे कॅडमियमची पट्टी बाहेर ओढली की साखळी क्रिया वाढणार, आत ढकलली की थांबणार. बाहेर लाखोंचं शहर आणि भट्टीला संरक्षक भिंत नाही. भरवसा होता तो फर्मींच्या गणितावर.

२ डिसेंबर १९४२. पट्टी इंचाइंचानं बाहेर येत होती. फर्मी स्लाइड रूलवर आकडे ताडून बघत होते. सकाळी सुरक्षेची पट्टी आपोआप आत पडली. गडबडून न जाता फर्मींनी सगळ्यांना जेवणाची सुट्टी दिली! दुपारी साडेतीनच्या सुमारास साखळी क्रिया स्वतःच्या बळावर चालू झाली. ताकद फक्त अर्धा वॅट, एक साधा बल्बही पेटला नसता.

पण याच ज्ञानावर मोठ्या भट्ट्या उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या प्लुटोनियमचा बॉम्ब १९४५ मध्ये नागासाकीवर पडला. बॉम्बच्या कामात फर्मीही होते. १९४९ मध्ये मात्र त्यांनी हायड्रोजन बॉम्बला नैतिक कारणांवरून विरोध केला. तरीही बॉम्ब बनवायचं ठरलं, तेव्हा त्याच्या गणितांना त्यांनीही हातभार लावला.

१९५४ मध्ये पोटाच्या कॅन्सरनं ते गेले, वय अवघं ५३. पुढं १०० व्या मूलद्रव्याला त्यांच्या सन्मानार्थ फर्मियम हे नाव मिळालं. हे मूलद्रव्य पहिल्यांदा सापडलं होतं १९५२ च्या हायड्रोजन बॉम्ब चाचणीच्या अवशेषांत.