कुलूपवाल्याचा मुलगा : जॉर्ज ओहम

जुन्या पिवळ्या दिव्याच्या काचेवर २३० व्होल्ट आणि ६० वॅट असे दोन आकडे छापलेले असत. ६० ला २३० ने भागले की दिव्यातून जाणारा प्रवाह निघतो : पाव अँपिअरहून किंचित अधिक. २३० ला त्या प्रवाहाने भागले की पेटलेल्या तारेचा रोध कळतो : सुमारे ८८० ओहम. (दिवा थंड असताना हाच रोध पुष्कळ कमी भरतो, ती गोष्ट निराळी.) शाळकरी पोराला जमावा असा हा भागाकार. पण तो ज्यांनी जगाला दिला, त्या जॉर्ज सायमन ओहम यांनी त्यापायी नोकरीवर पाणी सोडले आणि उमेदीची कित्येक वर्षे गमावली.

ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एरलांगेन गावी झाला. वडील कुलपे घडवीत. त्यांना शाळा लाभली नव्हती, पण स्वतःच्या हिमतीवर गणित शिकून त्यांनी ते मुलांना शिकविले. जॉर्ज दहा वर्षांचे असताना आई वारली. १८०५ साली ते विद्यापीठात गेले खरे, परंतु नाच, बिलियर्ड आणि बर्फावरील घसरणे यांतच त्यांचा वेळ जाऊ लागला. वडील संतापले, आणि पुढच्या वर्षी चिरंजिवांची रवानगी स्वित्झर्लंडमध्ये मास्तरकीवर झाली. पुढे १८११ मध्ये एरलांगेनलाच त्यांनी डॉक्टरची पदवी मिळविली. मग पुन्हा तुटपुंज्या पगाराची मास्तरकी. १८१७ साली कोलोनच्या शाळेत जागा मिळाली आणि नशीब थोडेसे उघडले, कारण त्या शाळेला चांगली प्रयोगशाळा होती.

तारेतून वाहणारी वीज तारेच्या लांबीप्रमाणे किती घटते, हा त्यांचा प्रश्न होता. १८२५ साली त्यांनी पहिला निबंध छापला, आणि त्यातला नियम चुकीचा निघाला! दोष त्यांच्या गणिताचा नव्हता. त्या काळचा विद्युत्‌घट सुरू होताच मंदावू लागे. दाबच स्थिर नाही, तर प्रवाहाचा हिशेब कसा जुळावा? तेव्हा पोगेनडॉर्फ या संपादकांनी त्यांना घट सोडून उष्णतेवर वीज देणारी जोडणी वापरण्याचा सल्ला दिला. ओहम यांनी बिस्मथ व तांबे यांचे सांधे केले, एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवला. दोन्ही तापमाने अढळ, म्हणून दाबही अढळ. मग २ इंचांपासून १३० इंचांपर्यंतच्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक जोडून, टांगलेल्या चुंबकसूचीवरून प्रवाह मोजला. कुलूपवाल्याच्या घरचे हातांचे कसब इथे कामी आले. १८२६ मध्ये खरा नियम हाती लागला : दाब जितका अधिक तितका प्रवाह अधिक, रोध जितका अधिक तितका प्रवाह कमी.

त्या आठ तारांचे मर्म आपल्याकडे भालकी, आळंद, बसवकल्याण या बाजूच्या शेतकऱ्याला न सांगता कळावे. गावाच्या रोहित्रापासून विहीर लांब असली म्हणजे मोटारीला दाब पुरत नाही. जाण्यायेण्याच्या तारांचा रोध मिळून ३ ओहम धरा आणि प्रवाह १० अँपिअर. १० गुणिले ३, म्हणजे ३० व्होल्ट वाटेतच गळाले. २३० चे २०० उरले. आणि १० गुणिले १० गुणिले ३, म्हणजे ३०० वॅट शक्ती तारा तापविण्यात गेली. दाब उतरला की मोटार तेच काम करण्यासाठी अधिक प्रवाह ओढते, आणि मग गुंडाळी जळते. तारांतील या उष्णतेचा नियम ओहम यांचा नव्हे. तो इंग्लंडच्या जूल यांनी १८४०-४१ च्या सुमारास बसविला.

१८२७ साली ओहम यांचा ग्रंथ बर्लिनला प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्यांनी अर्ध्या पगारी रजा घेतली होती. विद्यापीठात जागा मिळेल ही आशा. ती फोल ठरली. पोल नावाच्या विद्वानाने कडक टीका केली, इतरांनी दुर्लक्ष केले. सृष्टीचे नियम मोजमापापेक्षा चिंतनाने सापडतात, असे मानणाऱ्यांचा तेव्हा बर्लिनमध्ये जोर होता. आमच्या मते थोडा दोष ग्रंथकाराचाही आहे : प्रयोग बाजूला सारून त्यांनी वाचकांपुढे नुसते गणित मांडले. काही असो, ओहम यांनी १८२८ साली कोलोनची नोकरी सोडली आणि १८३३ पर्यंत बर्लिनमध्ये किरकोळ शिकवण्यांवर दिवस काढले. त्यानंतर न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत त्यांना जागा मिळाली.

मान मिळाला तो परक्या देशात. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली त्यांना कॉपले पदक दिले. विद्यापीठातील प्राध्यापकपद मात्र १८५२ साली म्युनिकमध्ये लाभले, तेव्हा वय ६३ होते. ६ जुलै १८५४ रोजी ते निवर्तले.

विशेष हे की हीच गोष्ट इंग्लंडमध्ये कॅव्हेंडिश यांना १७८१ च्या सुमारास उमगली होती. त्यांनी विजेचा धक्का स्वतःच्या अंगावर घेऊन तिचा जोर अजमावला होता. पण ते टिपण छापलेच नाही, आणि १८७९ मध्ये मॅक्सवेल यांनी ते उजेडात आणले. दोनच वर्षांनी, १८८१ साली, पॅरिसच्या विद्युत्‌परिषदेने रोधाच्या एककाला ओहम यांचे नाव कायम केले. खूण म्हणून ग्रीक ओमेगा हे अक्षर रूढ झाले आहे. ओहम यांच्या नावाचे पहिले अक्षर घेतले असते तर ते शून्यासारखे दिसले असते.